‘लेट इट बी’ : बीटल्सचा अखेरचा अल्बम आणि मुंबईचा धागा

‘लेट इट बी’ हा लिव्हरपूलच्या ‘बीटल्स’ या समूहाचा प्रकाशित झालेला अखेरचा अल्बम. ८ मे १९७० रोजी तो बाजारात आला, तेव्हा पॉल मॅकार्टनी समूहातून बाहेर पडल्याच्या वृत्ताला जवळपास महिना लोटला होता. जॉन लेनन, मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांमधील दुरावा या गाण्यांच्या जन्मकथेशी जोडलेला आहे. त्या दुराव्याचा एक धागा मुंबईच्या फोर्ट भागापर्यंत येतो.

पार्श्वभूमी

‘रिव्हॉल्व्हर’ (१९६६) आणि ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ (१९६७) या अल्बममुळे बीटल्सचे नाव सायकेडेलिक रॉकशी जोडले गेले. उलट्या फिरवलेल्या ध्वनिफिती, सतार-तंबोऱ्याचे नाद आणि स्वप्नवत शब्दकळा ही या शैलीची लक्षणे. मात्र गीतलेखनावर लेनन-मॅकार्टनी जोडीचा वरचष्मा होता. सर्वांत लहान असलेल्या हॅरिसनच्या वाट्याला प्रत्येक अल्बममध्ये मोजकीच गाणी येत. ऑगस्ट १९६७ मध्ये व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांचे निधन झाले आणि चौघांना एकत्र बांधून ठेवणारा दुवा निखळला.

मुंबईतील ध्वनिमुद्रण

पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी हॅरिसन सप्टेंबर १९६६ मध्ये मुंबईत आला होता. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला, तो ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी. फिरोजशहा मेहता मार्गावरील युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीतल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत हे काम झाले. त्यासाठी ग्रामोफोन कंपनीच्या भास्कर मेनन यांनी स्टिरिओ ध्वनिमुद्रण यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणवले. संतूरवादक शिवकुमार शर्मा, बासरीवादक एस. आर. केंकरे आणि तारशहनाईवादक विनायक व्होरा यांची नावे या अल्बमच्या श्रेयनामावलीत आहेत. ‘वंडरवॉल म्युझिक’ नोव्हेंबर १९६८ मध्ये प्रकाशित झाला. बीटल्सच्या ‘ॲपल’ कंपनीचा तो पहिला अल्बम.

याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वाद्यसंगीत ध्वनिमुद्रित झाले. मार्च १९६८ मध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या दुसऱ्या बाजूला आले. बीटल्सच्या सिंगल रेकॉर्डवर स्थान मिळालेली हॅरिसनची ही पहिली रचना होती. मुंबईत संगीताची सूत्रे पूर्णपणे त्याच्या हाती होती. लंडनमध्ये मात्र त्याला आपल्या गाण्यांसाठी जागा मागावी लागत होती.

जानेवारी १९६९

सुमारे वर्षभराने, २ जानेवारी १९६९ रोजी, ट्विकनहॅम येथील चित्रपट स्टुडिओत कॅमेऱ्यांसमोर तालमी सुरू झाल्या. तांत्रिक करामती टाळून पूर्वीसारखे एकत्र वाजवावे, ही कल्पना मॅकार्टनीची. प्रकल्पाचे नाव होते ‘गेट बॅक’. हॅरिसनने आणलेल्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या गाण्याच्या तालमी झाल्या, पण ते अल्बमपर्यंत पोहोचले नाही. १० जानेवारीला हॅरिसन समूह सोडून निघून गेला. ट्विकनहॅममधील काम आणि नियोजित दूरचित्रवाणी कार्यक्रम रद्द करण्याचे ठरल्यावर तो परतला. पुढील काम सॅव्हिल रो येथील ॲपलच्या तळघरात झाले. कीबोर्डवादक बिली प्रेस्टनच्या आगमनाने वातावरण निवळले आणि ३० जानेवारीला त्याच इमारतीच्या गच्चीवर सुमारे ४२ मिनिटांचा कार्यक्रम रंगला. जाहीर वादनाची चौघांची ही अखेरची वेळ ठरली.

अल्बमचे भवितव्य

ही ध्वनिमुद्रणे वर्षभर पडून राहिली. दरम्यान चौघांनी ‘ॲबी रोड’ पूर्ण केला. त्यामुळे ‘लेट इट बी’ प्रकाशनक्रमाने शेवटचा असला, तरी त्यातील बहुतांश ध्वनिमुद्रण ‘ॲबी रोड’च्या आधीचे आहे. सप्टेंबर १९६९ मध्ये लेननने समूह सोडण्याचा निर्णय सहकाऱ्यांना खासगीत सांगितला होता. ३ जानेवारी १९७० रोजी उरलेल्या तिघांनी हॅरिसनचे ‘आय मी माइन’ ध्वनिमुद्रित केले. हे गाणे आहे माणसाच्या ‘मी’पणाविषयी.

निर्माता फिल स्पेक्टर याने मॅकार्टनीच्या ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’ला वाद्यवृंद आणि समूहस्वरांची जोड दिली. मॅकार्टनीने त्याला लेखी आक्षेप घेतला. तरीही गाणे त्याच रूपात प्रकाशित झाले. ३१ डिसेंबर १९७० रोजी त्याने भागीदारी संपवण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. जानेवारी १९७५ मध्ये ती कायदेशीररीत्या संपुष्टात आली.

नंतरचे मूल्यमापन

स्पेक्टरची जोड वगळलेली ‘लेट इट बी... नेकेड’ ही आवृत्ती २००३ मध्ये निघाली. २०२१ मध्ये पीटर जॅक्सन याने सुमारे ६० तासांच्या मूळ चित्रीकरणातून ‘गेट बॅक’ हा तीन भागांचा माहितीपट साकारला. त्या दिवसांत केवळ कटुताच नव्हती, हास्यविनोद आणि सहकार्यही होते, हे त्यातून दिसले.

बीटल्सच्या अल्बममध्ये जागा न मिळालेले ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ नोव्हेंबर १९७० मध्ये हॅरिसनच्या तीन तबकड्यांच्या संचाचे शीर्षकगीत झाले. हा संच अमेरिकेत विक्रीच्या अग्रस्थानी पोहोचला.