पवित्र मरियेला लुगडे नेसविणारा चित्रकार

फ्रान्समधील जिव्हेर्नी या खेड्यात क्लोद मोने १८८३ पासून १९२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिला. त्याचे घर, बाग आणि कमळांचे तळे १९८० पासून लोकांना पाहावयास खुले आहे. आपल्या ख्रिस्ती चित्रकाराचे घर कोठे, असे नांदेड-लातूरच्या एखाद्या धर्मग्रामात विचारले तर मात्र बहुधा उत्तर मिळणार नाही. वास्तविक ते पुण्यात, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात होते. शिक्षणासाठी, इस्पितळासाठी आपली माणसे त्या भागातून नित्य जात-येत असतात.

अँजेलो दा फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव्ह येथे झाला. वैद्यकीचे शिक्षण सोडून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले आणि तेथून शांतिनिकेतनात, अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्यापाशी गेले. मराठवाड्यातील वाचकाने येथे क्षणभर थांबावे. नंदलाल १९०९ मध्ये लेडी हेरिंगहॅम यांच्या कामात साहाय्य करण्यासाठी अजिंठ्याला आले होते. लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती त्यांनी तेथे केल्या. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि नांदेड-लातूरही त्याच राज्यात. फोन्सेकांच्या मरियेचे अर्धोन्मीलित डोळे व बोलकी बोटे ज्या परंपरेतून आली, तिचा एक झरा आपल्याच मातीतला आहे, असे आम्हांस वाटते.

ही मरिया गोव्यात अनेकांना रुचली नाही. साडी नेसलेली, गव्हाळ वर्णाची देवमाता पाहून धर्मभाविकांपैकी कित्येकांच्या भावना दुखावल्या. गोऱ्या मरियेची सवय पडलेल्यांना ती आपल्या आईसारखी दिसते याचाच राग यावा, हे नवलच! फोन्सेकांनी गोवा सोडला आणि पुण्याच्या आश्रमात आसरा घेतला.

हा आश्रम कॅथलिकांचा नव्हता. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९२२ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात ख्रिस्त सेवा संघ स्थापिला व पुढे तो पुण्यास आणला. खादी, भारतीय राहणी, देशी वळणाची उपासना हे त्यांचे व्रत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी त्यांना विलक्षण आदर होता; टिळकांचे चरित्रही त्यांनी लिहिले. म्हणजे एका कॅथलिक चित्रकाराला घर मिळाले ते एका मराठी कवीचा वारसा मानणाऱ्या अँग्लिकन साधूच्या अंगणात. झाडांच्या सावलीतील त्या निवांत जागी फोन्सेकांनी जलरंगांत ख्रिस्तजीवन रंगविले. १९५१ मध्ये आयव्ही यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि मरियेच्या मुखावर पत्नीची छटा उमटू लागली.

कोणतीही एकच कलाशैली ख्रिस्तसभेची स्वतःची नव्हे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनाविषयक दस्तऐवजात स्पष्ट केले. त्यानंतर चारच वर्षांनी, २८ डिसेंबर १९६७ रोजी, फोन्सेका पुण्यात निवर्तले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील घरे कोसळली, तेव्हा भिंतींवरच्या तसबिरीही मातीत गेल्या. घर टिकत नाही, हे आपल्या भागाला कोणी शिकवावयास नको. फोन्सेकांची चित्रे टिकली, कारण आयव्हीबाईंनी ती वर्षानुवर्षे सांभाळली. त्यांतील मोठा संग्रह आज गोव्यात, पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. पुण्यात घडलेल्या त्या मरियेच्या दर्शनाला आता तेथेच जावे लागते. ज्या गोव्याने तिला नाकारले होते, त्याच गोव्यात.