गाण्याची स्पर्धा आणि दुसरें मत

गाण्याच्या सामन्यांत निर्णय कोणीं द्यावयाचा, हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाहीं. कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर डफ घेऊन समोरासमोर उभे राहत. एकानें कवनांतून कोडें घालावें आणि दुसऱ्यानें तें कवनांतच उलगडावें, असा तो झगडा चाले. परंतु ज्या गांवांत फड उभा राही, त्या गांवचा श्रोता आपल्या पक्षाकडे झुकणार हें ओघानेंच येई. परगांवच्या शाहिराला आधीं प्रतिपक्ष जिंकावा लागे आणि मग गांव जिंकावा लागे. पुढें गांवांच्या जागीं राष्ट्रें आलीं, फडाच्या जागीं दूरचित्रवाणीचा पडदा आला. पण ही अडचण जेथल्या तेथेंच राहिली. तिच्यावर कोणकोणते उपाय योजिले गेले, आणि त्यांतील एका उपायाची कसोटी एका मराठी गायकाच्या वांट्यास कशी आली, हा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण उद्बोधकहि आहे.

दुसऱ्या महायुद्धानें होरपळलेल्या युरोपांत १९५० सालीं तेथील प्रक्षेपण-संस्थांनीं आपला एक संघ स्थापिला. अनेक देशांत एकच कार्यक्रम एकाच क्षणीं दाखवितां येईल काय, हें अजमावण्याच्या हेतूनें या संघानें राष्ट्राराष्ट्रांतील गीतस्पर्धेची योजना आंखली. तीच पुढें युरोव्हिजन या नांवानें जगप्रसिद्ध झाली. पहिली स्पर्धा २४ मे १९५६ रोजीं स्वित्झर्लंडमधील लुगानो या शहरीं भरली. सात देशांनीं प्रत्येकीं दोन गाणीं पाठविलीं. मतदान गुप्त होतें, आणि विशेष हें कीं, पंचांस स्वदेशाच्या गाण्यालाहि मत देण्याची मोकळीक होती. यजमान स्वित्झर्लंडच्याच लिस आसिया या गायिकेस विजय मिळाला. तो विजय न्याय्य असेलहि. परंतु गुण प्रसिद्ध न झाल्यामुळें शंकेला जागा राहिली ती राहिलीच. दुसऱ्याच वर्षीं, १९५७ सालीं, नियम बदलला: स्वदेशाला मत द्यावयाचें नाहीं, आणि गुण सर्वांदेखत मोजावयाचे. १९७५ पासून प्रत्येक देशानें आपल्या सर्वांत आवडत्या गाण्यास बारा गुण द्यावयाचे, ही पद्धति रूढ झाली. तरीहि ग्रीस आणि सायप्रस एकमेकांच्या पदरांत वारंवार बारा गुण टाकीत राहिले आणि प्रेक्षक हंसत राहिले. स्वतःच्या घराला मत देण्यास बंदी घालतां येते. भाऊबंदांच्या घराला देण्यास ती कशी घालावी?

आपल्या देशांत लोकांच्या पसंतीवर गाण्यांची प्रतवारी लावण्याचा मोठा प्रयोग झाला तो नभोवाणीवर. १९५२ सालीं रेडिओ सिलोनवर सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ मुंबईंत ध्वनिमुद्रित होई आणि सिलोनहून सर्वत्र ऐकूं येई. निवेदक अमीन सयानी यांच्याकडे पत्रांचा नुसता पूर लोटे. परंतु पत्रें म्हणजे लोकमत नव्हे, हें चालकांच्या लवकरच ध्यानांत आलें. कारण एका उत्साही माणसास दहा पत्रें लिहिण्यापासून कोण अडविणार? म्हणून गाण्याचा क्रम ठरवितांना रेकॉर्डांचा खप आणि श्रोता-संघांची पसंती या दोहोंचा आधार घेण्यांत येऊं लागला. एका साक्षीदारावर विसंबूं नये, हा न्यायालयांतला नियम येथेंहि उपयोगी पडला.

पत्राची जागा पुढें मोबाईलवरील संदेशानें घेतली, आणि मत देणें हें एका बोटाचें काम झालें. ब्रिटनमध्यें २००१ सालीं निघालेल्या ‘पॉप आयडॉल’ या कार्यक्रमाच्या धर्तीवर २००४ सालीं ‘इंडियन आयडॉल’ सुरू झाला. ५ मार्च २००५ रोजीं त्याचा पहिला निकाल लागला आणि मुंबईचा अभिजीत सावंत हा मराठी तरुण विजयी ठरला. मराठी घरांत त्या रात्रीं आनंद झाला असल्यास नवल नाहीं. पण या एका बोटाच्या मतांत केवढें सामर्थ्य दडलें आहे, तें दोन वर्षांनीं दिसून आलें. २००७ च्या सप्टेंबरांत कोलकाता पोलीस दलांतील प्रशांत तमांग हा दार्जिलिंगचा गायक विजयी झाला. त्याच्यासाठीं डोंगराळ मुलखांतील नेपाळी-भाषक लोकांनीं पैसे गोळा करून मतें पाठविलीं होतीं. निकालानंतर थोड्याच दिवसांत एका निवेदकाच्या अपमानकारक उद्गारावरून सिलिगुडींत दंगल उसळली आणि संचारबंदी पुकारावी लागली. गायकाच्या मोहिमेंत पुढाकार घेणारे बिमल गुरुंग यांनीं ऑक्टोबरांत गोरखा जनमुक्ति मोर्चाची स्थापना केली. मत पाठविणारांनीं केवळ गळ्याला मत दिलें नव्हतें. बरेच दिवस कोणी ऐकून न घेतलेलें आपलें नांव त्यांनीं देशाला ऐकविलें होतें. इतिहासकारानें हें लक्षांत घेतलें पाहिजे.

अशा वातावरणांत त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्राराष्ट्रांचा सामना ठरला. १५ आणि १६ डिसेंबर २००७ रोजीं इंडोनेशियाची राजधानी जकार्ता येथें ‘एशियन आयडॉल’ ही स्पर्धा भरली. हिंदुस्थान, इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपीन्स, सिंगापूर आणि व्हिएतनाम या सहा देशांनीं आपापला एकेक विजेता पाठविला. हिंदुस्थानच्या वतीनें उभा राहिला तो अभिजीत सावंत. लोकसंख्येचा हिशेब पाहतां हा सामना विषम होता. एकीकडे शंभर कोटींहून अधिक वस्तीचा देश, दुसरीकडे पन्नास लाखहि वस्ती नसलेलें सिंगापूर. केवळ डोकीं मोजावयाचीं असतीं, तर गाण्याची गरजच नव्हती.

चालकांनीं येथें युरोपाहून निराळा उपाय योजिला. स्वदेशाला मत देण्यास त्यांनीं मनाई केली नाहीं. मात्र प्रत्येक मतदारानें दोन निरनिराळ्या गायकांचीं नांवें दिलींच पाहिजेत, असा दंडक घातला. नियम दिसावयास साधा, पण परिणाम खोल. पहिलें मत मनुष्य आपल्या माणसाला देणार, हें गृहीतच धरलेलें. परंतु तें देतांना त्याच हातानें तितकेंच वजनदार दुसरें मत कोणा परक्याच्या पदरांत घालावें लागे. देश जितका मोठा, तितकें त्याचें परक्यास होणारें दानहि मोठें. स्वदेशीयांचीं मतें ज्याला त्याला मिळालींच. निवाडा झाला तो दुसऱ्या मतावर. आणि विजयी झाला सहांतील सर्वांत लहान देशाचा, सिंगापूरचा हादी मिर्झा.

त्याच्या विजयाचें एक कारण भाषेंत शोधतां येतें. हादी मिर्झा हा मलय भाषेंत गाणारा. ती भाषा मलेशियाची, आणि इंडोनेशियाची राष्ट्रभाषाहि तिचीच सख्खी बहीण. त्या दोन देशांतील श्रोत्याला दुसरें नांव निवडतांना आपल्याला समजणारें गाणें जवळचें वाटावें, हें स्वाभाविक होय. हिंदींत गाणाऱ्या अभिजीत सावंताला त्या मंडळींत असा भाषाभगिनीचा आधार नव्हता. मग हा न्याय झाला काय, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो अगदींच निराधार नाहीं. ग्रीस आणि सायप्रस यांचें भाऊपण जें करतें, तेंच येथेंहि काहीं अंशीं घडलें असावें. मतमोजणीचा असा कोणताहि नियम नाहीं, कीं जो माणसाचें ममत्व साफ पुसून टाकील. मात्र नियमानियमांत भेद आहे. केवळ घरच्या मतावर चालणारी स्पर्धा माणसाला स्वतःच्याच नांवाचा घोष करावयास शिकविते. दोन नांवें मागणारी स्पर्धा त्याच माणसाला निदान पांच परक्या गायकांचें गाणें कान देऊन ऐकावयास लावते. कारण ऐकल्यावांचून दुसरें नांव सुचणार कसें?

ही गोष्ट नवी मुंबईसारख्या शहरास विशेष लागू पडते. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें वसविलेल्या या नगरींत एकाच जिन्यावर मराठी, मल्याळी, तामिळ, पंजाबी आणि बंगाली कुटुंबें नांदत आलीं आहेत. तेथें गाण्याचा निकाल पाहण्यास घरोघरीं मंडळी जमतात, आणि प्रत्येक घराचें पहिलें मत कोणाला, हें शेजाऱ्यांना न सांगतांच ठाऊक असतें. त्या मतांत लाज वाटण्याजोगें काहीं नाहीं. आपल्या लेकराचें गाणें गोड लागावयाचेंच. पण मुलांनीं आईबापांना एक प्रश्न अवश्य विचारावा: आपलें माणूस वगळलें, तर उरलेल्यांत चांगलें कोण गाइलें? ज्या घरांत या प्रश्नाचें उत्तर चटकन देतां येतें, त्या घरानें गाणें खरोखर ऐकलें असें समजावें.

जकार्ताहून अभिजीत सावंत विजयचिन्ह घेऊन परतला नाहीं, म्हणून त्याचें गाणें उणें ठरत नाहीं. मुंबईच्या एका मराठी मुलानें सहा राष्ट्रांच्या सभेंत आपल्या देशाच्या वतीनें गावें, आणि त्या सभेंत संख्येच्या जोरावर नव्हे तर परक्यांच्या पसंतीवर निवाडा व्हावा, ही घटना नोंद ठेवण्याजोगी आहे. परगांवच्या फडावर उभा राहणाऱ्या शाहिरापुढें जी अडचण होती, तीच त्याच्यापुढें होती. शाहिराला गांव जिंकण्यास सारी रात्र मिळे. त्याला मिळालीं ती थोडीं मिनिटें.