दोन रविवार, एक घड्याळ

एक रविवार २४ मे १९०३ चा, फ्रान्समधल्या व्हर्सायचा. दुसरा ४ सप्टेंबर २०२२ चा, डहाणू तालुक्यातल्या चारोटीचा. पहिल्या रविवारी शर्यत होती, दुसऱ्या रविवारी नव्हती. रस्ता मात्र दोन्हीकडे सगळ्यांचा होता. इथे दोन्ही दिवस एकाच घड्याळावर लावले आहेत. शेवट वाचकाला ठाऊक आहे.

पहाटे ३.३०, १९०३

व्हर्सायला लाखभर माणसं रात्रभर जागून उभी आहेत. पॅरिस–माद्रिद मोटार शर्यत, एकूण १,३०७ किलोमीटर. पहिला टप्पा बोर्दोपर्यंत, ५५२ किलोमीटर. सुटायची वेळ साडेतीनची, पण अजून पुरतं उजाडलेलं नाही. पंधरा मिनिटं थांबायचं ठरतं.

तेवढ्यात एक मागची गोष्ट. १९०१ च्या पॅरिस–बर्लिन शर्यतीत एक मुलगा गाडीखाली गेला. अशा शर्यती आता बंद, असं सरकारने तेव्हा सांगितलं. १९०२ ला पॅरिस–व्हिएन्ना झालीच. आता ही. पंतप्रधान एमिल कोंब यांच्या मनात परवानगी द्यायची नव्हती, पण मोटारींचा धंदा भरात होता आणि स्पेनचा तरुण राजा अल्फोन्सो तेरावा वाट पाहत होता. परवानगी मिळाली.

पहाटे ३.४५, १९०३

पहिली गाडी सुटते. चालक चार्ल्स जॅरट, इंग्रज. त्याच्यामागे मिनिटाला एक गाडी. हा निर्णय कागदावर साधा दिसतो. गाड्या सव्वादोनशेच्या आसपास. दोन-दोन मिनिटांनी सोडल्या, तर शेवटची निघेपर्यंत सकाळचे अकरा वाजून जातील. म्हणून एक मिनिट.

नियमाप्रमाणे गाडीचं वजन १,००० किलोच्या आत हवं. कारखान्यांनी इंजिन मोठं ठेवलं आणि बाकी सगळं हलकं केलं. वजन वाचवायला चौकटीच्या लोखंडालाही भोकं पाडली. ७० अश्वशक्तीची मोर्स, पुढच्या चाकांना ब्रेक नाहीत. सीटला पट्टेही नाहीत. मेकॅनिक चालकाच्या शेजारी जमेल तिथे हात अडकवून बसतो.

सकाळी ६.००, १९०३

उजाडलं, पण दिसत काही नाही. बरेच दिवस पाऊस नाही आणि रस्ता डांबरी नाही. पुढच्या गाडीने उडवलेली धूळ खाली बसायच्या आत मागची गाडी तिच्यात शिरते. चालक झाडांचे शेंडे बघून वळणाचा अंदाज घेतात. रस्त्यावर माणसंच माणसं. गाडी अगदी जवळ आली की गर्दी दुभंगते, गेली की पुन्हा मिटते. बंदोबस्ताला सैनिक आहेत, पण तेही वळून शर्यतच बघताहेत.

हे इतकं बारीकसारीक आज सांगता येतं, कारण ते कुणीतरी जपलं. जॅरटने १९०६ मध्ये आपल्या दहा वर्षांच्या आठवणींचं पुस्तक छापलं. पुढे हौशी लोकांनी क्रमांक, चालक, गाडी, कुठल्या गावात कोण थांबलं, हे सगळं जुळवत नेलं. लंडन–ब्रायटन मार्गावर दर नोव्हेंबरात १९०५ पूर्वीच्या गाड्या अजून धावतात. त्यांतल्या एखादीचा पितळी दिवा घासणाऱ्या माणसाला १९०३ च्या त्या सकाळी कुठल्या वळणावर काय झालं, हे तोंडपाठ असतं. हे वेड मला आवडतं. त्याचा थोडा हेवाही वाटतो. तो का, ते पुढे येईल.

सकाळी, २०२२

उदवाडा, गुजरात. १७४२ पासून पारशांचा इराणशाह अग्नी इथे आहे. त्याआधी काही काळ हाच अग्नी आपल्याकडच्या बहारोटच्या डोंगरात लपवून ठेवला होता, असं परंपरा सांगते. मुंबईहून चौघं आले आहेत. त्यांत टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री, वय ५४. परतीची गाडी मर्सिडीज जीएलसी. चौघांपैकी दोघं पुढे बसतात. मिस्त्री आणि आणखी एक जण मागे.

मागच्या सीटचा पट्टा लावायचा असतो, हे कायद्यात आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून एक हजार रुपये दंडही आहे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो पट्टा सापडायला वेळ लागतो. बकल सीट-कव्हरच्या खाली गेलेलं असतं. बोटांनी चाचपडलं तर आधी शेंगदाण्याची सालं निघतात, मग एखादं नाणं, आणि मग बकल. तोवर गाडी गावाबाहेर पडलेली असते. महागड्या गाडीत पट्टा समोरच लटकत असतो. सवय मात्र तीच.

सकाळीच, १९०३

बोनव्हालजवळ रेल्वेच्या फाटकापाशी एका वोल्सलेच्या चालकाला वळण उशिरा कळतं. गाडी घरावर आदळते, मेकॅनिक मरतो. बातमी पुढे जात नाही, कारण रस्त्यावर गाड्यांपेक्षा वेगवान काही नाही. तारेने कळवता आलं असतं, पण शर्यत चालूच राहते.

पुआतियेच्या दक्षिणेला कुए-व्हेराक. मार्सेल रेनोसमोर एक दकोव्हिल गाडी आहे, म्हणजे गाडी नाही, तिची धूळ आहे. मागे राहून धूळ खायची किंवा तिच्या बाजूने काढायची. तो बाजूने काढतो. पुढे वळण असतं. चाक गटारात जातं, गाडी उलटते.

लिबूर्नजवळ लॉरेन बॅरोच्या गाडीसमोर कुत्रा येतो. तो कुत्र्याला चुकवतो, गाडी झाडावर जाते. मेकॅनिक पिएर रोदे जागीच ठार.

आंगुलेमला एक मूल रस्त्यात येतं. त्याला ओढायला एक सैनिक धावतो.

कामीय द्यु गास्त ही या शर्यतीत गाडी चालवणारी एकटी बाई. उलटलेल्या गाडीखाली स्टेड नावाचा स्पर्धक अडकलेला दिसतो, तशी ती थांबते. मदत येईपर्यंत थांबून राहते आणि कितीतरी क्रमांक मागे पडते. त्या दिवशीच्या सगळ्या छोट्या निर्णयांत हा एक वेगळा.

दुपारी, १९०३

बोर्दोमध्ये लुई रेनो पहिला पोचतो. टाळ्या पडतात. भाऊ कुठे आहे, हे त्याला माहीत नाही. मागाहून आलेल्या फर्नांड गॅब्रिएलचा हिशेब लागतो: ५५२ किलोमीटर, सुमारे सव्वापाच तास, ताशी सरासरी १०५ किलोमीटर. जगाने तोवर रस्त्यावर असं काही पाहिलेलं नव्हतं.

दुपारी, २०२२

अच्छाडला गाडी महाराष्ट्रात शिरते. डावीकडे-उजवीकडे तलासरीचे धाबे, पंप, टायरची दुकानं, ट्रकांच्या रांगा. भाद्रपदातला रविवार, भातं पोटरीला आलेली. रस्ता इथे तीन पदरी आहे आणि मोकळा. ज्यांनी या पट्ट्यात गाडी हाकली आहे त्यांना ठाऊक आहे: इथे शंभराचा वेग वेगासारखा वाटतच नाही.

दुपारी २.२१, २०२२

महामार्गावरच्या तपासणी नाक्याच्या कॅमेऱ्यात गाडी दिसते. इथून सूर्या नदीचा पूल सुमारे २० किलोमीटर. गाडीत वेगाचा काटा आहे, एअरबॅग आहेत, चारही चाकांना ब्रेक आहेत.

दुपारी २.२५, २०२२

२० किलोमीटर आणि ९ मिनिटं, हा पोलिसांनी नंतर मांडलेला हिशेब. म्हणजे ताशी सुमारे १३३ किलोमीटर, सेकंदाला ३७ मीटर. गॅब्रिएलच्या सरासरीपेक्षा २८ ने जास्त, आणि समोर ना धूळ, ना गर्दी.

त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत घोडबंदर ते दापचरी या सुमारे १०० किलोमीटरच्या पट्ट्यात २६२ अपघात झाले आणि किमान ६२ माणसं गेली, असं महामार्ग पोलिसांच्या नोंदीवरून पुढे आलं. एकट्या चारोटीच्या आसपास २६ गंभीर अपघात, २५ मृत्यू. या आकड्यांतला बराचसा भाग त्या रविवारच्या आधीच नोंदला गेला होता. त्या पंचविसांतलं एक नाव साऱ्या देशाला माहीत आहे. बाकीच्यांतलं एकही मला सांगता येत नाही. व्हर्सायहून कोण कितव्या मिनिटाला सुटलं, हे मात्र सांगता येतं. हेवा वाटतो तो याचा.

दुपारी २.२८, २०२२

विवळवेढ्याची महालक्ष्मी मागे पडते. पुढे चारोटी नाका. डहाणूला जाणारे इथे उजवीकडे वळतात, कासा-जव्हारचे डावीकडे. मुंबईची गाडी सरळ.

नाक्याच्या पुढे सूर्येवरचा पूल. रस्ता रुंद झाला, पूल जुनाच राहिला. तीन पदर येतात आणि पुलाच्या तोंडाशी दोन होतात. डावीकडच्या पदरात असलेल्या गाडीसमोर अचानक कठडा उभा राहतो. याची सूचना खूप आधी, ठळक अक्षरांत द्यायला हवी होती. स्थानिक चालक ती सूचना डोक्यात घेऊन फिरतो. नाका आला की तो न बघता उजवीकडे सरकतो.

दुपारी २.३० च्या सुमारास, २०२२

गाडी डावीकडून पुढे काढायचा प्रयत्न झाला, असं पाहणाऱ्याने नंतर सांगितलं. कंपनीने गाडीतली नोंद वाचून प्राथमिक अहवाल दिला: धडकेच्या पाच सेकंद आधी ब्रेक दाबला गेला. तेव्हा वेग ताशी १०० किलोमीटर. धडक बसली तेव्हा ८९.

पाच सेकंदांत अकरा.

पुढचे दोघं जबर जखमी, पण वाचले. मागचे दोघं गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते.

संध्याकाळी, १९०३

तारा पॅरिसला पोचतात. मेलेल्यांचा आकडा वाढत जातो. सरकार शर्यत बोर्दोमध्येच थांबवतं. गाड्यांची इंजिनं पुन्हा सुरू करायलाही मनाई. मग घोडे आणतात. ताशी शंभराने आलेल्या मोटारी घोड्यांना जुंपून, पायी चालीने, रेल्वे स्टेशनवर ओढत नेतात.

संध्याकाळी, २०२२

पुलावरची वाहतूक पुन्हा सुरू होते. पुलाच्या तोंडाशी धक्का झेलणारा अडसर पुढे बसला. मुंबईत मागच्या सीटच्या पट्ट्याची सक्ती १ नोव्हेंबरपासून लागू झाली.

मंगळवार

मार्सेल रेनो शुद्धीवर आला नाही. २६ मे १९०३ ला तो गेला. लुई पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही.

६ सप्टेंबर २०२२, तोही मंगळवार. वरळीच्या स्मशानभूमीत सायरस मिस्त्रींवर अंत्यसंस्कार झाले.