नामांतर : शेजार होता, बरोबरी नव्हती

२७ जुलै १९७८. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला आणि मराठवाड्यात गावोगावी दलित वस्त्या जळू लागल्या. आजचा जालना जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद औरंगाबादेत आणि परतूर परभणीत मोडत असे.

विरोधाची भाषा प्रादेशिक अस्मितेची होती. हल्ल्यांचा रोख मात्र वेगळेच सांगतो. तो सरसकट सर्व दलितांवर नव्हे, तर मुख्यतः पूर्वाश्रमीच्या महारांवर, म्हणजे नवबौद्धांवर होता. गावकीची कामे नाकारून मुलांना औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात धाडणारा हाच समाज.

परस्परसंपर्काने पूर्वग्रह ओसरतो, पण दर्जा समान असेल तरच, असे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडले होते. मराठवाड्याच्या खेड्यात संपर्काची वाण कधीच नव्हती. बांधावर, खळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या रोजची गाठ. मात्र जोहार घालणारा आणि तो स्वीकारणारा ठरलेला. जोहार थांबला, तेव्हा कालचा ‘इमानी’ माणूस ‘शिरजोर’ ठरला. बदलले ते एवढेच विशेषण.

नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला, तोही ‘मराठवाडा’ हा शब्द कायम ठेवून.