वसईच्या तहातलं एक कलम

मराठ्यांनी पोर्तुगीजांवर केलेल्या वसईच्या मोहिमेचं नाव निघालं की सुरुंग, कोसळलेला सेबॅस्टियन बुरूज आणि मराठा सेनापती चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला केलेला नवस, एवढंच बोललं जातं. मी वसईजवळच्या निर्मळ गावातल्या कुपारी ख्रिस्ती घरातला. मला त्या मोहिमेतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते १६ मे १७३९ रोजी ठरलेल्या शरणागतीच्या अटींमधलं एक कलम.

त्याआधी तक्रार काय होती ते सांगायला हवं. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे इथल्या हिंदूंना उघडपणे धर्मकृत्यं करायला बंदी झाली. आईबाप गेलेली मुलं पाद्र्यांच्या हवाली करण्याचा कायदा आला. माझ्या धर्माच्या नावाने हे झालं, आणि ते मी आडपडदा न ठेवता सांगतो. अणजूरचे गंगाजी नाईक आणि मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे यांनी ही गाऱ्हाणी पुण्याला पेशव्यांच्या कानावर घातली. परक्या राज्याच्या प्रजेने शेजारच्या दरबारात दाद मागावी आणि त्या दरबाराने ती मनावर घ्यावी, असं हे प्रकरण. पेशव्यांना ठाणं, साष्टी आणि इथली बंदरं हवीच होती, यात शंका नाही. पण गावोगावचे लोक मराठ्यांना वाटा दाखवायला पुढे आले, ते या गाऱ्हाण्यांमुळेच.

१७३७ मध्ये ठाणं पडलं. १७३९ च्या फेब्रुवारीत वसईला वेढा बसला. आत पैसा संपला, तेव्हा पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रजांकडे हात पसरले. इंग्रजांनी पंधरा हजार रुपये दिले, तेही चर्चमधली चांदी आणि पितळी तोफा तारण घेऊन. त्याच चांदीसमोर पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी गुडघे टेकले असतील. हे वाचलं की अजून पोटात कालवतं.

अखेर किल्ल्याचा कप्तान कायतान द सोझा परेरा याने अटी मान्य केल्या. शिबंदीने हत्यारांसह, निशाणं फडकवत, मानाने बाहेर पडायचं, कैद्यांची अदलाबदल करायची. आणि मी म्हणतो ते कलम हे: मागे राहतील त्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळता येईल, काही चर्चही त्यांच्याकडे राहतील. वेढ्यात हजारो माणसं गमावलेल्या फौजेने हे मान्य केलं. सूड घ्यायची ताकद हातात असताना दिलेला हा शब्द होता.

सगळंच काही अभंग राहिलं नाही. किल्ल्यातली चर्च ओस पडली, घंटा देशावर गेल्या. १७२१ सालची एक आजही नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. युरोपीय पाद्री निघून गेले आणि गावांतले संस्कार देशी पाद्र्यांनी सांभाळले. निर्मळचं उद्ध्वस्त देवस्थान मराठ्यांचे सुभेदार शंकराजी केशव यांनी पुन्हा उभं केलं. आज तिथे कार्तिकात यात्रा भरते, आणि त्याच गावात आमचं चर्चही आहे.

पोर्तुगीजांकडेच राहिलेल्या गोव्यात मात्र इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करून शिक्षा देणारं न्यायालय, कायमचं बंद व्हायला १८१२ उजाडलं.

किल्ल्यात चिमाजी अप्पांचं स्मारक आहे. त्याच्याजवळ हे कलम मराठीत कोरलेली एक शिळा बसवावी, अशी माझी महानगरपालिकेकडे आणि आमच्या धर्मप्रांताकडेही मागणी आहे.