मद्रासची ‘कित्ती’ आणि कायद्याचे शब्द

१८३४ च्या जून महिन्यात लॉर्ड मेकॉले मद्रासच्या किनाऱ्यावर उतरला. तेथून तो गव्हर्नर-जनरल बेंटिंक याला भेटण्यासाठी उटकमंडला गेला. हिंदुस्थानसाठी फौजदारी कायद्याचा मसुदा करण्याचे काम पुढे त्याच्याकडे आले. मसुदा १८३७ मध्ये तयार झाला, परंतु त्याचा कायदा होण्यास १८६० साल उजाडले, आणि अंमल सुरू झाला तो १ जानेवारी १८६२ रोजी. त्याच वर्षी मद्रासला उच्च न्यायालय स्थापन झाले.

या संहितेने विलायतेतील ‘फेलनी’ आणि ‘मिसडीमीनर’ हा जुना भेद येथे आणलाच नाही. सर्व अपराधांना ‘ऑफेन्स’ हा एकच शब्द पुरला. उलट, देशी शब्दांना तिने आपल्या घरात जागा दिली. इंग्रजांजवळ ‘रॉबरी’ होती; पण पाच किंवा अधिक माणसांनी मिळून केलेल्या जबरी चोरीला ‘डकॉयटी’ असे नाव पडले. आपला ‘डाका’च इंग्रजी पोशाख घालून कोर्टात उभा राहिला! ठगांनाही स्वतंत्र कलम मिळाले.

मात्र एका शब्दाच्या बाबतीत ही संहिता फार जपून बोलते. १८५४ मध्ये मद्रास सरकारने छळाच्या तक्रारींच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला, आणि १८५५ मध्ये त्याचा अहवाल बाहेर आला. शेतसारा वसूल करण्यासाठी आणि कबुलीजबाब काढण्यासाठी सरकारी नोकर रयतेला यातना देतात, हे त्यातून सिद्ध झाले. ‘कित्ती’ हे त्या यातनांतील एक साधन. लाकडाच्या दोन दांड्यांमध्ये बोटे किंवा शरीराचा दुसरा एखादा नाजूक भाग पिळावयाचा, अशी ती रीत. ‘अनुंदाल’ हा दुसरा प्रकार. त्यात माणसाला वाकवून त्या अवघडलेल्या स्थितीत बांधून ठेवीत. जुलमाची नावे तमिळ होती, अहवाल इंग्रजीत होता, आणि जुलूम इंग्रजांच्याच कचेऱ्यांतून चालला होता. १८५७ मध्ये कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’मध्ये याच अहवालावर लेख लिहिला, तेव्हा ही गोष्ट अमेरिकेतील वाचकांपर्यंत गेली.

संहितेच्या ३३० व्या कलमाने अशा कृत्याला सात वर्षांपर्यंत कैद सांगितली. पण कलमाच्या मूळ वाक्यात ‘टॉर्चर’ हा शब्द नाही; तेथे केवळ ‘हर्ट’, म्हणजे मराठी कायद्यातील ‘दुखापत’, आहे. ‘टॉर्चर’ आढळतो तो खाली दिलेल्या उदाहरणांत. त्यांपैकी एकात पोलीस अधिकारी गुन्हा कबूल करवून घेण्यासाठी छळ करतो, तर दुसऱ्यात महसूल अधिकारी थकलेल्या साऱ्यासाठी. उदाहरणे वाचताना मद्रासचा अहवाल आठवल्यावाचून राहत नाही. मूळ कलमात ‘दुखापत’ म्हणणे कायद्याच्या दृष्टीने सोयीचे असेल. पण बोटे पिळलेल्या रयतेला तो शब्द अपुराच वाटला असता.

लोकांनी मात्र कोर्टाची भाषा आपल्या परीने पचविली. फसवणुकीच्या कलमावरून मराठीत ‘चारशेवीस’ आले. पोलिसांच्या नोंदवहीतील ‘नोन डेप्रेडेटर’ या नावाची आद्याक्षरे घेऊन मद्रासच्या बोलीत ‘केडी’ झाला, आणि चेन्नईत आजही तो लबाड माणसाला लावतात. जुनी संहिता मात्र १ जुलै २०२४ रोजी संपली. भारतीय न्याय संहितेत ठगांचे कलम उरले नाही. त्यांचा ३१० हा क्रमांक आता दरोड्याकडे गेला आहे.