फळा कोणी पुसायचा?

संगणकाची स्मृती वर्गातल्या फळ्यासारखी असते. एक गणित संपले की तेवढा भाग पुसावा लागतो. नाहीतर पुढच्या गणिताला जागा उरत नाही. पूर्वी हे पुसणे आज्ञावली लिहिणाऱ्यालाच पाहावे लागे. ते काम यंत्रावर कसे सोपवले गेले, ते आपण पाहू.

१९५८ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या संगणकभाषेचे काम हाती घेतले. त्यांच्या आयबीएम ७०४ यंत्राची मुख्य स्मृती फार तर ३२,७६८ शब्दांची, एकेक शब्द ३६ बिटांचा. म्हणजे सुमारे १४७ किलोबाइट! १९६० च्या निबंधात त्यांनी उपाय मांडला. मोकळी जागा संपली की काम थांबवायचे, वापरातल्या प्रत्येक नोंदीपर्यंत पोहोचून तिच्यावर खूण करायची आणि बिनखुणेची जागा मोकळी करायची. या सफाईला काही सेकंद लागत. म्हणून दर खेपेस निदान काही हजार जागा सुटायला हव्यात, नाहीतर बहुतेक वेळ सफाईतच जाईल, असेही त्यांनी बजावले होते.

१९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावा भाषा जाहीर केली आणि ही स्वयंचलित सफाई सर्वदूर पोहोचली. जावावर चालणाऱ्या सर्व्हरला स्मृतीची कमाल मर्यादा आखून देता येते. त्याच्या एका सफाईपद्धतीत ९८ टक्क्यांहून अधिक वेळ खर्चूनही २ टक्क्यांहून कमी स्मृती सुटू लागली, तर चुकीचा संदेश येऊन काम अडते. मॅकार्थींचा इशाराच येथे आकड्यांत मांडलेला आहे.

असा संदेश आला की मर्यादा वाढवण्याचा मोह होतो. पण आधी पाहायचे ते हे, की प्रत्येक पूर्ण सफाईनंतर किती स्मृती व्यापलेली उरते? हा आकडा मर्यादेजवळ पण स्थिर असेल, तर फळा खरोखरच लहान आहे, मर्यादा वाढवावी. तो सतत चढत असेल, तर कोणीतरी कोपऱ्यात ‘पुसू नका’ असे लिहून निघून गेले आहे. त्या नोंदीची गरज संपल्याचे यंत्राला कळत नाही. तिच्याकडे जाणारी वाट शिल्लक आहे, एवढेच त्याला दिसते. मोठा फळा दिला तरी तो उशिरा भरेल, इतकेच. शिवाय मर्यादा यंत्राच्या प्रत्यक्ष स्मृतीपलीकडे नेली, तर संगणक डिस्कचा आधार घेऊ लागतो व सफाई कमालीची मंदावते.

हा आलेख वर्गात सहज काढता येईल. आडव्या अक्षावर सफाईचा क्रमांक, उभ्या अक्षावर उरलेली स्मृती. रेषा सपाट की चढती, हे पाहून निदान विद्यार्थ्यांनाच करू द्यावे.